छतातलं नेट

वडील गेले तेव्हा दादा येऊ शकला नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेली वीस-बावीस वर्षं तो परदेशात आहे. आमच्याकडे बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा असतो, तो मी दिला. चुलतभाऊ मोबाइल धरून शेजारी उभा होता आणि त्या मोबाइलमध्ये दादा होता. मी चिता पेटवली आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. नदीकाठी रेंज धड नसतेच. नंतर दादा म्हणाला, "मला शेवटचं काही दिसलंच नाही रे." खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्याचा रागच आला होता.

आईनं मात्र एक शब्दही वाकडा काढला नाही. तेराव्याची पंगत उठल्यावर ती एवढंच म्हणाली, "वर्षश्राद्धाला तोच बसेल." आणि पुढचं वर्षभर ती त्या एका वाक्याला धरून राहिली.

रोज संध्याकाळी सातला देवाजवळ दिवा लावून झाला की ती आपल्या खोलीत टॅबलेट घेऊन बसायची. दादाची तेव्हा सकाळ असायची. काय खाल्लंस, गुडघा कसा आहे, मुलांच्या परीक्षा कधी, असं दहा-बारा मिनिटं चालायचं. मग आई विचारायची, "तिकिटाचं काय झालं रे?" आणि कॉल तुटायचा. कधी चित्र अडकायचं, कधी नुसता गोल फिरत राहायचा. आई थोडा वेळ हॅलो हॅलो करायची आणि टॅबलेट उशाशी ठेवून द्यायची.

मी नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बिघडलेली वस्तू समोर असली की मला जेवण गोड लागत नाही. आमच्याकडे मशीन बंद पडली की वहीत नोंद होते: किती वाजता, कुठे, किती वेळ. चार-आठ नोंदी झाल्या की दोष आपोआप सापडतो, असा माझा तीस वर्षांचा अनुभव. तीच पद्धत मी घरी लावली. 'सात वाजून अकरा मिनिटं. आई पलंगावर. दार बंद.' 'सात वाजून नऊ मिनिटं. आई खिडकीशी. दार उघडं.' महिनाभर लिहीत होतो. आई ते बघत असायची.

दोष उघड होता. कुसगावातलं आमचं घर वडिलांनी बांधलं तेव्हा खालचा मजला काळ्या दगडाचा केला. भिंती हात-हात जाड. वरचा मजला नंतर विटांचा चढवला. नेटची तार वरून आली म्हणून राउटर वरच्या पुढच्या खोलीत, आणि आई खाली, अगदी मागच्या खोलीत. मोबाइलवर रेंज मोजत मी घरभर फिरलो, स्टुलावर चढलो, कोनाड्यात वाकलो. बायको म्हणाली, "भूत शोधताय का?" आलेखाच्या कागदावर मी घराचा नकाशा काढला आणि आईच्या खोलीवर लाल पेन्सिलीनं फुली मारली.

काम करायला तिकोणा पेठ गावचे एक गृहस्थ आले, माझ्याच वयाचे. पवना धरणाच्या बाजूच्या बंगल्यांत कॅमेरे आणि वायफाय तेच बसवतात. नकाशा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"कागुद झ्याक काढलाय भाऊ," ते म्हणाले. "पन ह्यो दगुड हाय. ह्याच्यातनं काय बी आरपार जायाचं न्हाई. भितीला लावू नगा, छताला लावा. वरनं पान्यावानी सांडलं पायजे नेट."

त्यांनी पिशवीतून एक पांढरी चकती काढून दाखवली, जेवणाच्या ताटलीएवढी. अशा तीन लागणार होत्या: एक वर, एक खाली मधल्या खोलीत, एक आईच्या खोलीत. प्रत्येक चकतीला एकच केबल. तिच्यातूनच वीज जाते आणि तिच्यातूनच नेट. केबली जिन्याखाली एका डब्यात येऊन मिळतात. मला हे फार आवडलं. मला रीतसर गोष्टी आवडतात.

पहिली चकमक मधल्या खोलीत झाली. मी मोजून काढलेला छताचा मध्य आणि पाळण्याची जुनी लोखंडी कडी एकाच जागी आली. मी म्हणालो, कडी कापून काढू. आई दारातूनच म्हणाली, "कडीला हात लावायचा नाही. तुमचे दोघांचे पाळणे तिथे होते."

"आता कोणाचा पाळणा टांगायचाय?" मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

"मावशी, कडीला धक्का न्हाई लागायचा," ते गृहस्थ शिडीवरूनच म्हणाले. "हातभर सरकून लावतो. नेटला काय कळतंय?" मी दिवसभर घुश्शात होतो, कारण माझा नकाशा चुकला.

दगडातून केबल काढायला दोन दिवस गेले. ड्रिलची दोन बिटं बोथट झाली, घरभर काळी धूळ बसली. आईच्या खोलीचं काम शेवटी होतं, म्हणून ती ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. चहा घेताना त्या गृहस्थांनी विचारलं, "परदेसात कोन असतंय, मावशी?"

"थोरला."

"येत्यात का मग?"

"येणार आहे. यांच्या वर्षश्राद्धाला." तिनं ते इतकं सरळ सांगितलं की त्यांनी नुसती मान हलवली. मी कप खाली ठेवला आणि कामाला लागलो. दादाकडून तारीख अशी कधीच आलेली नव्हती. नेटमुळेच ते बोलणं दरवेळी अर्धवट राहतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. नेट नीट झालं की तारीखही ठरेल, इतकं साधं गणित होतं माझं.

काम संपलं त्या पहिल्या संध्याकाळी मी नव्या नवरदेवासारखा दारात उभा राहिलो. दादा पडद्यावर आला, स्वच्छ, समोर बसल्यासारखा. वर्षभर आम्ही त्याला धुरकट पाहत होतो. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "केस पिकले की रे तुझे सगळे." त्या दिवशी तिनं तिकिटाचं विचारलंच नाही. अर्धा तास बोलली. मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. "तिकिटाचं काय झालं? वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं रे."

दादा अडकला. तोंड अर्धवट उघडं, डोळे एका जागी. माझं डोकंच फिरलं. एवढं करून पुन्हा तेच! मी मोबाइलवर पाहिलं: तिन्ही चकत्या चालू, आईच्या टॅबलेटला रेंज पूर्ण. मी तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि पडदा नीट पाहिला. दादापुढे टेबलावर कॉफीचा कप होता. कपातून वाफ वर जात होती.

तो श्वास रोखून बसला होता. लहानपणी अंगणात आम्ही स्टॅच्यू खेळायचो, तेव्हाही तो हरायचा नाही. आता पन्नाशी उलटलेला माणूस, दोन मुलांचा बाप, आईच्या एका प्रश्नापुढे दगड होऊन बसला होता.

"हॅलो," आई म्हणाली. "ऐकू येतंय का? ... नेट गेलं वाटतं." आणि तिनं कॉल बंद केला.

मला राहवलं नाही. "आई, नेट कुठेही गेलेलं नाही. तो नाटक करतोय!"

"मला डोळे आहेत," ती म्हणाली. "वाफ दिसली मला."

"मग बोलली का नाहीस?"

ती टॅबलेटची काच पदरानं पुसत होती. "काय बोलू? येता येत नाहीये त्याला. का, ते तो सांगत नाही. नेट तुटत होतं तोवर त्याला लपायला जागा होती. तू तीही ठेवली नाहीस."

त्या रात्री मी वही काढली. वेळ होती, जागा होती, दार उघडं की बंद तेही होतं. आई काय बोलत असताना कॉल तुटला, हा रकानाच नव्हता. तीस वर्षं यंत्रांच्या नोंदी केल्या आणि माणसाची नोंद करताना मी माणूसच सोडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! काही वेळा नेट खरंच तुटलं असेल, भिंती काही खोटं बोलत नव्हत्या. पण किती वेळा, हे आता कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी कारखान्याबाहेर उभं राहून मी दादाला फोन लावला. "काल नेट गेलं होतं का?"

"हो ना, तुमच्याकडचं..."

"दादा, कपातून वाफ येत होती."

तेव्हा तो म्हणाला, त्याचे तिथले व्हिसाचे कागद अडकलेत, दीड वर्ष झालं. बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. मुलं अर्ध्या शिक्षणात, घर तिथे. "बाबांच्या वेळेलाही तेच होतं," तो म्हणाला. "आईला काय तोंडानं सांगू? थोरला ना मी?" तो रडत होता की काय, फोनवर कळलं नाही. माझा वर्षभराचा राग तिथेच विरघळला असं मी म्हणणार नाही. थोडा उरला, अजूनही आहे. पण त्याला बोलायला माझी जीभ रेटली नाही. आईला वाफ दिसली होती, हे मी त्याला सांगितलं नाही.

आईनंच ते सोडवलं. त्या संध्याकाळी कॉल लागताच, त्याला काही बोलू न देता ती म्हणाली, "यंदा धाकट्यालाच बसवते. त्यानं अग्नी दिलाय, तोच बसू दे. तू तिकडून नमस्कार कर." दादा नुसता "बरं" म्हणाला. आई कॉल संपवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथे उगाच भांडी लावत राहिली. वर्षभर मनात धरून ठेवलेली एकमेव गोष्ट तिनं अशी दोन वाक्यांत सोडून दिली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मधल्या खोलीत गुरुजींच्या समोर मी बसलो. आईनं स्टुलावर टॅबलेट उभा करून ठेवला होता. दादा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसला होता. तिकडे रात्र होती. नदीकाठी जे त्याला दिसलं नव्हतं, ते आता पहिल्या संकल्पापासून सगळं दिसत होतं. चित्र एकदाही हललं नाही. मी पिंड ठेवला, हात जोडले आणि पडद्याकडे पाहिलं. दादाचा चेहरा पार वेडावाकडा झाला होता. या वेळी तो स्थिर बसू शकला नाही. खांदे हलत होते, नाक गळत होतं, तोंडावर धरलेल्या दोन्ही हातांमधून आवाज बाहेर येत होता. खोलीत काका, आत्या, चुलतभाऊ, शेजारी, सगळे. सगळे माना वळवून त्याच्याकडे बघू लागले. आत्या पुढे सरकून म्हणाली, "अगं बाई, रडतोय की!"

आई उठली. स्टुलापाशी गेली, आपली पाठ सगळ्यांकडे करून त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं काचेवर तळहात ठेवला, त्याच्या गालाच्या जागी, आणि मोठ्यानं म्हणाली, "दिसत नाहीयेस रे बाळा नीट. नेट गेलं वाटतं. ठेवते हं." आणि टॅबलेट पालथा घातला.

"आत्ता तर चांगलं दिसत होतं," काका म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. त्या घरातला नेटचा जाणकार मीच होतो.

"नाही काका," मी म्हणालो. "सकाळपासून सारखं जातंय."