हीटरवरची सुकट

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि तीही कोकणातून थेट नोएडाला येऊन. आईने मला चुलीजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. "तू अभ्यास कर," एवढंच म्हणायची. त्यामुळे मला टक्के पडायचे, पण वरणाला फोडणी कधी घालतात ते माहीत नव्हतं.

मी ज्यांच्याकडे पेइंग गेस्ट होते त्या आंटी पंजाबी, एकट्या राहणाऱ्या आणि कडक शाकाहारी. सेक्टर नवा होता. निम्मे प्लॉट मोकळे, पण गाड्या मात्र दर महिन्याला वाढत होत्या. शेजारच्या अंकलनीही एक लाल गाडी घेतली होती आणि ती ते रोज आंटींच्या फाटकासमोर लावायचे. त्यावरून सकाळी दुधाच्या वेळेला भांडण व्हायचं. आंटी मग आत येऊन माझ्याकडे बघून उरलेलं भांडण संपवायच्या.

जानेवारीत आईने डब्यातून सुकट पाठवली. थंडी इतकी होती की खिडक्या दिवसभर बंद. मला स्वयंपाकघर वापरायला मनाई होती. मी खोलीतला हीटर आडवा केला, त्यावर स्टीलची ताटली ठेवली आणि मूठभर सुकट भाजली. खरं सांगते, मला तो वास आला नाही. मला घराचा वास आला.

आंटींना मात्र आला. त्यांना वाटलं, कुठेतरी उंदीर मेलाय. दिवाण हलवला, फ्रिज सरकवला, मग तार जळतेय या संशयाने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो मीटरचं झाकण उघडून आत नाक घालून उभा राहिला तेव्हा मला राहवलं नाही.

"आंटी, मैंने भूना. मच्छी है," मी म्हटलं आणि घाबरून पुढे जोडलं, "छोटी है."

आंटी म्हणाल्या, "पहली तारीख को कमरा खाली कर देना, पुत्तर." पुत्तर म्हणाल्या म्हणून मला आणखीच रडू आलं. बाबांनी मला इतक्या लांब पाठवलं होतं ते आंटींशी फोनवर बोलून खात्री पटल्यावरच. ही खोली गेली की परत ये, असं ते सांगणार, यात मला शंका नव्हती.

त्या शनिवारी केबलवर एक सिनेमा लागला. आंटींनी राग बाजूला ठेवून मला हाक मारली, कारण एकटीने रडायला त्यांना आवडत नसे. परदेशातली एक गल्ली, दोन देशांची दोन कुटुंबं, एकमेकांच्या जेवणाच्या वासावरून भांडणं. शेवटी एक म्हातारा समोरच्यांची कढी चाखतो, डोळे मिटतो, आणि सगळी गल्ली एका टेबलावर जेवायला बसते. आंटी ओढणीत तोंड घालून हुंदके देत होत्या. मला वाटलं, आपला रस्ता मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी आंटी सत्संगाला गेल्या तशी मी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला. आईला बोलावून घेतलं.

"पुरणपोळी कशी करतात?"

"अगं बाई, कोणासाठी?"

"आंटींसाठी. लवकर सांग."

"डाळ आपल्या कान तुटलेल्या कपाने दोन कप घे."

"आई, तो कप तिकडे आहे."

"मग अंदाजाने घे. गूळ डाळीएवढा. पुरणात कालथा उभा राहिला की झालं."

कालथा उभा राहिला नाही. तो हळूहळू आडवा झाला. तरी आंटींच्या स्वयंपाकघरात चोरून मी चार पोळ्या लाटल्या. पुरण जिथून वाट मिळेल तिथून बाहेर आलं होतं.

आंटी परतल्या, ताट बघून थबकल्या. "दाल का परांठा! तूने बनाया?" त्यांनी लोणचं काढलं, दही घेतलं, हिरवी मिरची घेतली. मला सांगायचं होतं. पण मोठ्यांना मधेच टोकायची मला सवय नाही. मी बघत राहिले. त्यांनी लोणच्यात बुडवून मोठा घास घेतला आणि डोळे मिटले. अगदी त्या म्हाताऱ्यासारखे.

मग उघडले. "अरी, ये तो मीठा है!"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सिनेमा, कान तुटलेला कप, बाबा, पहिली तारीख. आंटी ऐकत होत्या आणि हसू लागल्या, इतक्या की मिरचीचा ठसका लागला. मी पाणी दिलं.

"पुत्तर," त्या म्हणाल्या, "पिक्चर में बदबू नहीं आती. आती ना, तो वो बुड्ढा भी उठ के चला जाता."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. लाल गाडी फाटकाला नाक लावून उभी राहत होती. आंटींनी पडदा सरकवून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"वो डिब्बा कहाँ है तेरा?"

आम्ही गच्चीवर गेलो. आंटींनी शेगडी पेटवली, नाकाला ओढणीचं एक टोक बांधलं आणि दुसरं हवेत धरलं. ते गाडीच्या दिशेने फडफडलं.

"हवा उधर की है. भून. खुल के भून."

मी भाजली. थोड्या वेळाने खाली अंकल बाहेर आले. त्यांनी बॉनेट उघडलं, आत वाकले, टॉर्च आणला, गाडीखाली झोपले. मग मेकॅनिक आला आणि तोही वाकला. आंटी कठड्याआड बसून माझा हात दाबत होत्या.

चार दिवसांनी लाल गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी राहू लागली. अंकलनी सगळ्यांना सांगितलं की आंटींच्या फाटकाखालचं गटार फुटलंय. आंटींनी ते एकदाही नाकारलं नाही.

पहिल्या तारखेला मी बॅग भरावी की नाही, ते विचारायला गेले. आंटी गव्हाचं पीठ चाळत होत्या. "डिब्बे में कितनी बची है?" त्यांनी विचारलं.

मी त्याच दुपारी आईला पत्र लिहिलं. खोली राहिली आहे. सुकट संपत आलीय, जास्त पाठव. आणि जमलं तर तो कपही पाठव.