पालथी घागर

एकोणतीस एप्रिल, मंगळवार. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. मी मोठ्या घराच्या मागच्या दारात बसून पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होते. वहिनीसाहेब आतून आल्या आणि म्हणाल्या, "तू समोर येऊ नको आज. पाहुणीचे फोटो निघून राह्यले. उगाच मधात दिसशीन."

बरं म्हटलं. कैऱ्या सोलत राहिले.

मोठं घर म्हणजे आमच्या गावातलं मराठ्यांचं एकुलतं एक घर. आम्ही माळी. माझा नवरा वारला तेव्हापासून मी माहेरीच आहे, भावासोबत भाजीपाला करते. शेलूबाजारला नेऊन विकतो. उन्हाळ्यात आमचा मळा मोठ्या घरच्या विहिरीवर जगतो. त्याच्या बदल्यात सणावारी त्यांच्याकडं राबायचं. असं कोणी ठरवलेलं नाही. निरोप येतो, मी जाते.

पाहुणी मॉरिशसची होती. पन्नाशीची, आखूड केसांची, शाळेत शिकवणारी. तिच्या पणजोबाची आई या गावातून निघून बोटीनं तिकडं गेली होती, उसाच्या मळ्यात मजुरीला. बोटीतून उतरलेल्या प्रत्येक माणसाची नोंद तिकडच्या सरकारनं केली होती. ती नोंद या बाईनं शोधून काढली. नाव गोदा. बापाचं नाव राघो. गाव आमचं, तालुका मंगरूळपीर. जात मराठा.

जात ऐकून मोठ्या घरच्या मालकांनी, अण्णासाहेबांनी, वाशीमच्या स्टेशनावर गाडी पाठवली. घरची लेक इतक्या वर्षांनी परत आली, असं गावभर सांगितलं. सकाळी चहा घेताना पाहुणी त्यांना म्हणाली होती की तिकडचे कारकून मुंबईहून चढलेल्या बहुतेकांना मराठाच लिहीत. मी भांडी विसळत होते, मी ऐकलं. अण्णासाहेबांनीही ऐकलं. त्यांनी बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

दुपारी पन्हं झालं. वाढायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शेवटी मलाच समोर पाठवलं. पाहुणी सांगत होती. पुस्तकातल्यासारखं मराठी, थांबत थांबत.

"या सणाला आमच्या घरी दोन घागरी ठेवतात. एक गोदाआजीची, पाण्यानं भरलेली. दुसरी पालथी. ती इकडे राहिलेल्या तिच्या माणसांची. ती माणसं कधी गेली ते आम्हाला कळलं नाही, म्हणून पालथी."

अण्णासाहेब हसले. "पालथी घागर? आमच्यात असं काई नाई बा. तिकडं कोणाचं तरी पाहून शिकले असतीन."

मी पेले हातातच धरून त्यांच्याकडं बघितलं.

पालथी घागर आमच्या घरात आहे.

या सणाला पाण्याची घागर भरतात ती मेलेल्यांच्या नावानं. ज्याचं मरण कळलं नाही त्याच्या नावानं पाणी देता येत नाही. जित्या माणसाची तेरवी केल्यासारखं होतं ते. पण त्याला टाकूनही देता येत नाही. म्हणून भरलेल्या घागरींच्या शेजारी एक रिकामी घागर पालथी ठेवायची. दरवर्षी कुंभाराकडून नवी आणायची, कुंकू लावायचं, पालथी घालायची. गावात दुसऱ्या कोणाकडं हे नाही. ती कोणाची, असं विचारलं की आजी म्हणायची, "गेलेलीची." नाव तिलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की मोठ्या दुष्काळात मोठ्या घरानं पाणी बंद करायला आपल्या विहिरीवर काटे टाकले, तेव्हा आमच्यातली एक पोर वाटेला लागली आणि परत आली नाही. मोठ्या घरानं सांगितलं, माणसासोबत पळाली. गावात तेच राहिलं.

लहानपणी मी मायसोबत त्याच विहिरीवर पाण्याला जायची. अण्णासाहेबांची आई काठावर खाट टाकून बसलेली असायची. एकदा मला बघून म्हणाली, "पळपुटीची नात आली वं. दोर धरून ठेवा, हे बी पळन." साऱ्या बाया हसल्या. माझी माय पण हसली. तिला पाणी पाहिजे होतं.

ते हसणं माझ्या कानातून कधी गेलं नाही. म्हातारीचं बोलणं एक वेळ गेलं असतं.

मी पेले खाली ठेवले. पाहुणीला म्हटलं, "बाई, ते घागर आमच्या घरी राह्यते. आन् पूर्वजाइची नावं घेतो त पयलं नाव राघोचंच घेतो आमी."

वहिनीसाहेब म्हणाल्या, "आजवर पळपुटी होती. आता बोटीत बसली म्हणून तुले सोयरीक पाह्यजे का? जाय, चुलीवर दूध हाय, ते पाह्य."

अण्णासाहेब पाहुणीला म्हणाले, "माळीण हाय आमची. साधी हाय मनानं."

पाहुणी माझ्याकडं बघत होती. "तुमच्याकडे काही कागद आहे का?"

"कागद नाई. घागर आहे."

"या नोंदीत मराठा लिहिलं आहे."

"सकाळी तुमीच त म्हटलं, साऱ्याइले तेच लिहत."

तिनं खाली बघितलं. कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. तिला मोठ्या घराचा पंखा होता, मऊ गादी होती, गळ्यात हार होता. त्या कागदातून ती माझ्या दारात उतरली असती तर यातलं काही मिळालं नसतं. मला तिचा राग आला नाही. कीव आली.

मी निघताना अण्णासाहेबांनी मला मागच्या दारात गाठलं. "उद्या पाहुणीच्या हातानं घागर भरतो आपण. पेपरवाले येऊन राह्यले. तू घरीच राह्य. आन् वांग्याले पाणी लागतेच ना अजून?"

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही.

घरी भावाला सांगितलं. तो चिडला. "ताई, तू कायले बोलली? वांगं भरात हाय. आठ दिस पाणी नाई भेटलं त सारं गेलं."

"माय हसली होती विहिरीवर. आठवते तुले?"

त्यानं दाराबाहेर मळ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "तवाबी पाणीच पाह्यजे होतं."

"हो. म्हणूनच."

सकाळी मी पालथी घालायला आणलेली नवी घागर धुतली. गावच्या हापशाच्या पाण्यानं काठोकाठ भरली. कुंकू लावलं, वर कैरी ठेवली, डोक्यावर घेतली आणि मोठ्या घरी गेले. समोरच्या दारानं. आजवर त्या दारातून मी कधी आत गेले नव्हते.

मांडवात त्यांची घागर पाटावर होती. पाहुणी शेजारी बसलेली, कॅमेरे तिच्याकडं वळलेले. मी माझी घागर त्या घागरीला लागून ठेवली, सुलटी, आणि नाव घेतलं. "राघोची पोर गोदा. पळाली नव्हती. याइनं विहिरीवर काटे टाकले होते."

पाहुणीनं घागरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिचा हात पर्सवर गेला आणि तिथंच राहिला.

"काढा हिले बाहेर," अण्णासाहेब म्हणाले.

"निघूनच राह्यली," मी म्हटलं. "आता बलावणं पाठवू नका. येणार नाई मी."

घागर तिथंच ठेवली. सरळ मळ्यात गेले. त्यांच्या विहिरीवरून आलेला पाइप आमच्या बाजूनं खोलला, त्याचं वेटोळं केलं आणि त्यांच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेऊन टाकलं. त्यांनी बंद करायच्या आधी. भाऊ वांग्यांकडं बघत उभा होता. ऊन तापायला लागलं होतं. सगळी वांगी जगणार नाहीत, हे दोघांनाही दिसत होतं.

मी एक बादली त्याच्या हातात दिली, एक मी घेतली, आणि आम्ही हापशाकडं निघालो.