काड्यांत मांडलेला निरोप

"खोड कुठं हाय?" हा आमच्या काकांचा पहिला प्रश्न. तुम्ही काहीही सांगायला जा, काका आधी खाली बसणार, वाळक्या काड्यांची मूठ पुढ्यात ठेवणार आणि म्हणणार, "खोड सांग. फांद्या मागनं."

आमच्या वरच्या वाड्यांवर तेव्हा पोस्टमन क्वचित यायचा, आणि आलेलं पत्र वाचणारे त्याहून कमी. मी दुसरीत शाळा सोडली, त्याची मला लाज वाटत नाही. मुंबईची माणसं गावी येणाऱ्याजवळ तोंडी निरोप द्यायची. येणारा तो पोलादपूरच्या एसटी स्टँडवर काकांना सांगायचा आणि काका डोंगर चढून घरोघर पोचवायचे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, ऐकला आणि सांगितला. तसं नाही. मुंबईचा निरोप कधी सरळ नसतो. अमकं झालं असेल तर हे करा, नसेल तर ते करा, आणि हे केलंत तर आणखी तिसरं करा. काका एकेक बोल अडवून विचारायचे, "हे कशाला लागलंय?" मग काडीला काडी लागायची. एक जाड, तिला दोन फुटलेल्या, त्यांना बारीक बारीक. मातीत बिनपानाचं झाड तयार व्हायचं. काका ते डोळे भरून बघायचे, पायानं मोडायचे आणि चालू लागायचे. घरी पोचले की अंगणात तेच झाड पुन्हा.

एखादं बोलणं मात्र कशालाच लागायचं नाही. कोणाच्या पोरानं सांगितलेलं असायचं की आईच्या हातची भाकरी आठवते. ती काडी काका कानामागं खोचायचे. बाकीचं सगळं सांगून झालं की म्हातारीच्या हातात द्यायचे आणि हळू आवाजात तेवढं बोलायचे.

काकी वैतागायची. "ह्यांना जेवायला हाक मारायची तर एवढुशी मारावी लागते. भात निवतोय, येताना लाकडं आणा म्हटलं, की बसले मांडायला."

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. थोरला भाऊ मुंबईत गिरणीत होता, मी घरी नांगर धरत होतो. आई तापानं पडल्याचं त्याला कळलं होतं. एक दिवस दुपारी गुरांचा एक व्यापारी धापा टाकत अंगणात आला. म्हणाला, "तुमच्या थोरल्याचा निरोप आलाय. बैल विका म्हणतो. स्टँडवर मी कानानं ऐकलं."

थोरल्याचा शब्द आमच्या बापाला देवासारखा. तो उठून गोठ्याकडे वळला. ती जोडी खोंड असल्यापासून मी वाढवलेली. मी गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिलो.

"बाजूला हो रे," बाप म्हणाला.

"नाय होणार."

व्यापाऱ्यानं माझ्या काखेखालून हात घालून दावं धरलं, तेवढ्यात काका वर आले. घाम पुसत खाली बसले.

"हा म्हणतो ते खरं का?" बापानं विचारलं.

"खरं हाय. बैल विका, असं म्हणालाय."

"बघा," व्यापारी म्हणाला.

"पण ती काडी कशाला लागलीय ते बघ की गड्या." काकांनी जाड काडी ठेवली. "हा वहिनींचा ताप. हे खोड. ताप उतरला नसेल तर ही फांदी, धाकट्यानं आईला घेऊन मुंबईला यावं. तो गेला तर नांगर कोण धरणार? म्हणून तिला ह्या दोन, जमीन दुसऱ्याला खंडानं कसायला द्या, बैल विका. आणि ताप उतरला असेल तर ही दुसरी फांदी. कोणी हलू नका, शिमग्याला मी येतो."

मग त्यांनी आत हाक मारली. "वहिनी, ताप कसा हाय?"

आई पिठाचे हात घेऊन दारात आली. "कधीच गेला भावजी. सकाळधरनं जात्यावर बसलेय, ह्या घरात कोणाला दिसत नाय."

काकांनी पहिली फांदी बुडाशी धरून उचलली. तिच्याबरोबर जमीन गेली, बैलही गेले. अंगणात एकच फांदी उरली.

"आणि ताप परत आला तर?" व्यापारी म्हणाला.

"तर तू परत ये. चढ तुला ठाऊक झालाच हाय."

बाप हसला. व्यापाऱ्यानंही दावं सोडलं आणि आमच्याकडेच भाकरी खाऊन गेला. शिमग्याला थोरला आला तो आईला भेटून सरळ गोठ्यात शिरला.

पुढं बऱ्याच वर्षांनी काका गेले. पिकल्या वयात, घरच्या माणसांत. चितेची लाकडं खाली नदीवर न्यायची होती. दुसऱ्यांच्या बैलगाड्या वाडीत दोन-तीन होत्या, पण मी कोणाला विचारलं नाही, आपली तीच जोडी जुंपली. बैलही म्हातारे झाले होते, उतारावर पाय जपून टाकत होते. मागची माणसं घाई करत होती. मी आसूड उचलला नाही.