मेमरीपायी कापलेला मामा

तुम्ही हसणार, हे गृहीत धरूनच सांगतो. ऐन लग्नसराईत मी एका नवरीच्या सख्ख्या मामाला पत्रिकेतून काढून टाकलं. काहून? तर म्हणे कॉम्प्युटरची मेमरी कमी पडली!

वसमतला माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचो, म्हणून सगळे मला सर म्हणतात. त्याचा माझ्या डोक्यावर अजून थोडा परिणाम आहे. दुकानात तीन कॉम्प्युटर. मागच्या खोलीतल्या मोठ्यात सगळ्या फायली, आणि पुढच्या दोघांवरून त्याच फायली वायरीतून उघडायच्या, दुरुस्त करायच्या, परत तिथंच ठेवायच्या. ही सगळी मांडणी वर्षाची. वर्षा म्हणजे आमची ऑपरेटर, हट्ट्याहून रोज एसटीनं येते. माझ्याच क्लासला शिकली, पण आता तिच्यापुढं मी पहिलीत आहे.

त्या दिवशी ती लेकराच्या शाळेत जाऊन दुपारी येणार होती. बाराच्या सुमारास तांड्यावरचे लक्ष्मणकाका आणि काकू आले. त्यांच्या मुलीची पत्रिका आदल्या दिवशीच तयार झाली होती, फक्त लग्नाची वेळ बदलायची होती. पहिली पत्रिका देवापुढं ठेवल्याशिवाय पाहुण्यांना वाटायची नाही, आणि देवाला जायची गाडी तीनला. मी म्हटलं, बसा, चहा येईपर्यंत होतंय.

वेळ बदलली, सेव्ह केलं. स्क्रीनवर सूचना आली: मेमरी अपुरी आहे.

आता तुम्हीच सांगा, अपुरी म्हटल्यावर माणसाला काय वाटेल? मला वाटलं, पत्रिकेत नावं फार झाली. आणि झालीच होती हो! आपल्याकडच्या पत्रिका तुम्हाला ठाऊक आहेत. निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त गावकरी, खाली बारक्या लेकरांची किलबिल. शंभराच्या वर नावं, नवरा-नवरी शोधायला भिंग लागावं.

मी गंभीर चेहरा करून सांगितलं की कॉम्प्युटरला इतकी माणसं झेपेनात, काही कमी करावी लागतील. काकांनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. सरच म्हणतात म्हटल्यावर! आधी लेकरं गेली. सूचना तीच. मग व्यवस्थापक गेले. सूचना तीच. शेवटी काकांनी खाली मान घालून काकूंच्या माहेरावर बोट ठेवलं, आणि मी मामा उडवला.

काकू उठल्या.

"मही पोरगी त्याच्या घरी राहून बारावी शिकली," त्या म्हणाल्या. "त्यानं तिला रोज सायकलीवर कॉलेजात सोडलं. त्याचं नाव न्हाई, तर म्या मांडवात येत न्हाई."

खरं सांगतो, लोक लग्न जमवायला वर्ष घालवतात, आणि मी चहा निवायच्या आत घर फोडायला बसलो होतो. बरं, मामा जाऊनही सेव्ह होईना ते होईनाच.

तेवढ्यात वर्षा आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसली नाही, हा तिचा मोठेपणा. खुर्चीत बसली, एक कोरं पान उघडलं आणि त्यात एक अक्षरही न लिहिता ते मोठ्या कॉम्प्युटरवर सेव्ह केलं. तीच सूचना.

"सर," ती म्हणाली, "ह्या कोऱ्या पानात कुणाचा मामा हाय?"

मग तिनं समजावलं. मेमरी पत्रिकेला नव्हे, मागच्या मोठ्या कॉम्प्युटरला कमी पडत होती. दुसऱ्या कॉम्प्युटरांना फायली द्यायला-घ्यायला तो थोडीच जागा राखून ठेवतो, त्याची मर्यादा असते. "काल त्याच्यावर काही नवीन टाकलं काय?" तिनं विचारलं. टाकलं होतं. व्हायरस मारायचं एक औषध, ती घरी गेल्यावर, माझ्या स्वतःच्या हुशारीनं. त्यानंच ती जागा खाल्ली होती.

तिनं आत जाऊन सेटिंगमधला एक आकडा वाढवला, मोठा कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. पाच मिनिटं लागली असतील. मी भीतभीत विचारलं की कापलेली नावं आता कशी आणायची. तर ती म्हणाली, तुमचं काहीच सेव्ह झालं नाही, म्हणून कालची फाईल जशीच्या तशी आहे. काय ही बाई! मला तिला हात जोडावेसे वाटले. काकू पुढं आल्या, स्क्रीनवर भावाचं नाव सापडेपर्यंत बोट फिरवत राहिल्या आणि मग कुठं चहाला बसल्या.

वर्षानं वेळ बदलली, सेव्ह झालं. नमुन्याची प्रत निघाली. काकांनी चष्मा लावून ती पार तळापर्यंत वाचली.

"सर, एक नाव वाढवायचं हाय. निमंत्रकात आमच्या वर्षाताईचं."

मी मोठ्या मनानं म्हटलं, वाढवा की, आता कितीही नावं बसतील.

काकांनी पत्रिकेच्या अगदी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात छापणारा म्हणून माझं नाव होतं.

"तरी हे काढाच," ते म्हणाले. "उगं मेमरी कमी पडायची."

वर्षानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काढलं, आणि पहिल्याच फटक्यात सेव्ह झालं.