एका दिवसाच्या बाहुल्या

काशीत रामघाटावरच्या आमच्या घरी वरच्या खोलीत एक जपानी बाई भाड्यानं राहायची, सतार शिकायला आलेली. परत जाताना तिनं आईला लाकडी ठशांनी छापलेली जपानी चित्रं दिली. त्यांत घरातल्या बायका होत्या आणि ऋतूंप्रमाणे चाललेली त्यांची कामं, सणवार. एका चित्रात पायऱ्यांवर लाल कापड अंथरून बाहुल्या मांडल्या होत्या.

"ही तर आपली चैत्रगौरच," आई म्हणाली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ते गौरीशेजारी लावायचं, हे तिनं तिथंच ठरवलं.

"माताजी, उसी दिन उतार देना," बाईनं बजावलं. "गुड़िया बाहर रह जाए, तो लड़की की शादी में देर होती है."

झालं. दरवर्षी शेवटची सवाष्ण उंबरा ओलांडते न ओलांडते, तोच आई स्टुलावर चढून चित्र काढायची. गौर महिनाभर बसायची, बाहुल्या एकच दिवस. लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधतात म्हणे. माझ्या जपानात अडकल्या होत्या. मी असं चिडवलं की आई दिवसभर फुगून बसायची.

पस्तिशी उलटल्यावर इंदूरचं स्थळ आलं. तो भेटायला आला, तेव्हा आम्ही नावेतून भोसले घाटापर्यंत जाऊन आलो. मला तो फार आवडला. मी बोलले नाही, पण आईला कळलं असणार. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो, आणि काशी सोडून ती कुठंही येणार नव्हती. त्याच वर्षी माघात ती घाटाच्या पायरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

चैत्रात हळदीकुंकू मीच केलं. बायका गेल्यावर चित्र काढायला स्टूल ओढलं.

"राहू दे," पलंगावरून आई म्हणाली.

"अगं, उतरवायचं ना?"

"राहू दे म्हटलं ना. आता कसली जल्दी आहे?"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या लग्नासाठी जिनं देव पाण्यात ठेवले, तिलाच आता ते नको होतं. तिला एकटं राहायची भीती वाटत होती, आणि ते सांगायची लाजही.

दुसऱ्या दिवशी मी इंदूरला फोन करून नाही म्हटलं. आईनं पलंगावरून सगळं ऐकलं. दुपारी, पडल्यापासून पहिल्यांदाच, तिनं वरणभात मागून घेतला. वाढताना मला तिचा इतका राग आला की डोळे भरून आले. आणि ती पोटभर जेवतेय, याचं बरंही वाटत होतं.