विहिरीजवळचं लिंबू

‘गणिताला घाबरायचं नसतं!’ हे वाक्य मी एकतीस वर्षं शाळेत फळ्यासमोर उभा राहून म्हटलं. निवृत्तीनंतर हरिहरेश्वरला घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो, तर पाहुण्यांनाही तेच ऐकवायचो.

मागच्या वर्षी एक फ्रेंच पाहुणा आला. उंच, काटकुळा आणि आमच्या घामट हवेत गळ्यापर्यंत काळा कोट! वहीत व्यवसाय लिहिला ‘शिक्षक’.

"मीसुद्धा! गणित!" मी छाती फुगवून सांगितलं. तो नुसता हसला. मग चार दिवस माझ्याशी बोलला नाही. परसात उभा राहून स्वतःशीच पुटपुटायचा. आमचा कुत्रा त्याला बघून पडवीखाली शिरायचा.

पाचव्या दिवशी अमावस्या. सकाळपासून मळभ, वारा पडलेला, समुद्रसुद्धा गप्प. अचानक परसातून आमची ही ओरडली, "अहो, इकडे या! नको, येऊ नका! नाही, याच!"

विहिरीजवळ पांढऱ्या रांगोळीची वर्तुळं. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ. कडेनं सात सुपाऱ्या. मधोमध लिंबू! मी दोन पावलं मागे सरकलो.

शेजारचे बाळूकाका कुंपणावरून डोकावले. "मास्तर, ह्यो साधा प्रकार न्हाय. कुनीतरी घरावर केलंय. पुसा, आनि लिंबू-सुपारी नारळासंगं समुद्रात टाका. येताना मागं बघायचं न्हाय, बोलायचं न्हाय. कुनी हाक मारली तरी!"

"मी असलं काही मानत नाही," मी म्हणालो. (तेव्हा माझ्या हातात झाडू होता.)

"लेक बाळंतपणाला आलीय घरात! वाद नका घालू!" हिचा आवाज रडवेला झाला. मग मी मुकाट्यानं सगळं पुसलं आणि पाण्यात टाकून आलो.

म्हणजे येत होतो. किनाऱ्यावर मागून पावलं वाजायला लागली. मी भरभर चाललो, तीही भरभर! मग घोगरी हाक, "मस्यू! मस्यू!" समोरून एक गोरं जोडपं येत होतं. माझ्या मागे बघून त्या बाईचे डोळे विस्फारले, तिनं किंकाळी फोडली आणि मोबाइल वर धरला. मग काय, लेंगा सावरून मी जी धूम ठोकली!

पडवीत लेक उभी. "बाबा, काय केलंत हे! केवढे मोठे गणिती आहेत आपले पाहुणे! तिकडे रस्त्यात लोक अडवतात त्यांना. इथे कुणी ओळखणार नाही म्हणून आलेत!"

"आणि ते परसातलं?"

"भूमिती, बाबा! रांगोळीचा डबा मीच दिला त्यांना. मला उठवून विचारायचं तरी!"

तो ‘मस्यू, मस्यू’, म्हणजे ‘महाशय, महाशय’ करत धापा टाकत आला. रिकाम्या जमिनीकडे बघत विहिरीच्या कठड्यावर बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही गणित शिकवता ना?" त्यानं हळूच इंग्रजीत विचारलं. "आकृती आठवते?"

मला फक्त लिंबू आठवत होतं.

त्यानं सगळं पुन्हा मांडलं. संध्याकाळपर्यंत नवं लिंबू धरून मी उभा होतो.

त्या जोडप्यानं काढलेला फोटो मात्र फ्रान्सभर फिरला. पुढे मी, मागे जगप्रसिद्ध गणिती! तो फिरत फिरत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचला, आणि बाळूकाकांमुळे लिंबाची गोष्टही. आता दर अमावस्येला कुणी ना कुणी मला तो पाठवतं. खाली एकच ओळ असते:

‘सर, घाबरायचं नसतं!’