उंडीला विचारलं तेव्हा

मी मस्कतला निघालो त्या सकाळी बाबा एसटीपर्यंत आले नाहीत. अंगणात अर्धी होडी उभी होती आणि त्यांचे हात उंडीच्या बियांच्या तेलाने माखलेले. "पोचलंस की फोन कर," एवढं बोलून ते पुन्हा फळीला तेल चोळायला लागले. मला राग आला, तो बरीच वर्षं टिकला.

वाडीत राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे इकडे आलेले विसरतात. आपली सुतारवाडी खाडीमुळे वसली म्हणतात. मला पटत नाही. खाड्या कोकणात ठिकठिकाणी आहेत. मागच्या रानात फणस, ऐन, उंडी होती म्हणून होड्या झाल्या, आणि होड्या झाल्या म्हणून आपण.

इथे मस्कतजवळ रुसैलच्या कारखान्यात मी फायबरच्या होड्या बनवतो. साचा, कापड, रेझिन, यल्ला, खलास. आमचा ओमानी सुपरवायझर सांगतो, त्याच्या आजोबांच्या गलबताचं सागवान हिंदुस्थानातूनच यायचं. इथले डोंगर उघडे. आता आपल्या खाडीतही फायबरच. बाबांची शेवटची होडी पाण्यात जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं काम माझ्यासारख्यांनीच बंद पाडलं, हे मला कळतं.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. घरामागच्या परड्यातली उंडी बाबांनी माझ्या होडीसाठी राखलेली, ती आता लाकडाच्या गिरणीवाला मागत होता. मी परतणार असेन तर बाबा होडी बांधणार, नाहीतर झाड विकायचं. हो म्हणणं सोपं होतं, म्हटलं. दर सुट्टीत मी म्हणायचोच, दोन वर्षांत येतो, इन्शाल्ला.

पण आपली रीत अशी, की झाड तोडायच्या आदल्या दिवशी ज्याची होडी त्याने बुंध्याशी सुपारी ठेवून झाडाला विचारायचं, माझ्या होडीसाठी तुला तोडू का. शुक्रवारी दुपारी बाबांनी माझ्या वतीने सुपारी ठेवली आणि व्हिडिओ कॉल लावून फोन बुंध्यासमोर धरला. "इचार तेका."

मस्कतमधल्या अझैब्याच्या फ्लॅटमध्ये मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. "पप्पा, हू इज इट?" लेकीने विचारलं. "झाड," म्हटल्यावर ती हसली. बाबांना बेधडक मारलेली थाप झाडासमोर मारता येईना.

"मी परत येणार नाही," शेवटी म्हणालो. "माझी होडी होणार नाही."

पडद्यावर नुसती साल दिसत होती. मग बाबांचा आवाज आला. "खरा बोललंस, बरा केलंस. एकदा इचारलेला झाड गिरणीक देत नाय. रवांदे उभा."

आता गाव म्हटलं की मला आधी ती उंडी आठवते. मी येणार नाही हे तिला ठाऊक आहे. तरी ती तिथे आहे, याचं मला रडू येतं.